बरेच महिने उभी असलेली गाडी चालू होत नाही: कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या फोनवर दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं. "मिस्त्री, गाडी चालूच होईना झालीया." खंडेनवमीच्या पूजेसाठी जूनपासून घातलेली ताडपत्री काढलेली असते, गाडी धुतलेली असते, हार आणलेला असतो आणि किल्ली फिरवली की नुसतं टिक-टिक-टिक. मुलगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला, घरी आई-वडील, आणि तो सुट्टीला आला की मगच गाडी रस्त्यावर येणार. कोल्हापुरात राजारामपुरी, कसबा बावडा, फुलेवाडी, कुठल्याही गल्लीत जा, अशी एक तरी गाडी दारात उभी असते.

उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करता करता ह्या एकाच तक्रारीसाठी मी शेकडो घरी गेलो असेन. बहुतेक वेळा काम अर्ध्या तासाचं असतं. पण मी पोचेपर्यंत घरातल्या तिघाचौघांनी आळीपाळीने किल्ली फिरवून बॅटरीत उरलंसुरलं होतं तेही संपवलेलं असतं. कधी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, जळालेला असतो, कधी उंदरांनी कुरतडलेल्या वायरी एकमेकींना चिकटून धूर निघालेला असतो. हे नुकसान टाळता येतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो. आधी फुकटातल्या गोष्टी, मग थोड्या पैशांच्या, आणि शेवटी जिथे तुम्ही हात लावू नये अशा.

पुराचं पाणी लागलं असेल तर किल्ली लावू नका

बाकीचं वाचण्याआधी ह्या गाडीला पाणी लागलं होतं का ते आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात लहान पोरंही सांगतात. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर ह्या भागात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर "बघू तरी चालू होते का" म्हणून ज्यांनी सेल्फ मारला, त्यांच्यातल्या काहींची इंजिनं त्या एका सेल्फने गेली. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वर, पाणी शिरलेलं असताना गाडी चालू करायला जाऊन झालेलं असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

तुम्ही गावात नव्हता, पाणी आलं होतं की नाही ठाऊक नाही, असं असेल तर मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून बघा. दाराच्या आतल्या कडेला चिखलाची आडवी रेघ आहे का बघा. ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. ह्यातलं एकही आढळलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्यायला सांगा. ह्या लेखातलं पुढचं काहीही तुमच्या गाडीसाठी नाही.

गाडी काय सांगते ते ऐका

तुम्ही एव्हाना एकदा तरी किल्ली फिरवलेली असणार. तेव्हा काय झालं ते नीट आठवा, कारण फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, रिमोटने दारही उघडलं नाही: बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीला वायर जोडायचं टोक) सुटलंय.

दिवे लागले, पण सेल्फ मारताच भराभर टिक-टिक-टिक झालं आणि दिवे मंद झाले: बॅटरी अर्धमेली आहे, नाहीतर टर्मिनलवर गंज आहे. पावसाळ्यानंतर मला सर्वांत जास्त भेटणारं लक्षण हेच.

एकदाच "खट" झालं आणि पुढे काही नाही: इथेही बॅटरी असू शकते, पण सेल्फ अडकला असण्याची शंका घ्यायची.

दिवे लख्ख आहेत, आवाज मात्र काहीच नाही: क्लच, गिअर, किल्ली किंवा रिले (सेल्फला वीज सोडणारा स्विच). बॅटरीच्या मागे लागू नका.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही: पेट्रोल, ठिणगी, हवा किंवा इमोबिलायझर (किल्ली ओळखली नाही तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा). ह्या वेळी बॅटरी बदलून काहीही होणार नाही, तरी लोक ती बदलतात आणि पैसे वाया गेल्यावर मला फोन करतात.

चालू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते: आधी इमोबिलायझर, मग इंधन.

अजून खात्री हवी असेल तर हेडलाइट लावून भिंतीवरचा उजेड बघत एकदा सेल्फ मारा. उजेड एकदम मावळला तर बॅटरी किंवा टर्मिनल. उजेड तसाच राहिला आणि सेल्फ गप्प, तर वीज आहे पण सेल्फपर्यंत पोचत नाही. मात्र ही चाचणी बॉनेट उघडून बघितल्यानंतरच करायची.

पहिलं काम: बॉनेट उघडा

ह्याला एक रुपया लागत नाही आणि नेमकं हेच कुणी करत नाही. आपल्याकडे घरामागे ऊस, शेजारी भाताचं खाचर, पाऊस लागला की उंदरांना कोरडी जागा हवी असते. झाकलेल्या गाडीचं इंजिन म्हणजे त्यांना तयार घर. गवत, चिंध्या, शेंगांची टरफलं, सीटखालचा फोम असं सगळं मी इंजिनवरून गोळा केलंय.

बावड्यात एका घरी गाडीचा सेल्फ छान फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. मालकांनी आधीच नवीन बॅटरी आणलेली. मी एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरीण आणि तिची पाच पिल्लं, डब्याचं तोंड गवताने गच्च. इंजिनला श्वासच मिळत नव्हता. डबा साफ केला, फिल्टर बदलला आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली. तेव्हापासून हा डबा मी सगळ्यांच्या आधी उघडतो. बहुतेक गाड्यांत चार क्लिपांवर असतो, पाना लागत नाही.

वायरींवर टॉर्च मारा. कुरतडलेली वायर म्हणजे वरचं प्लॅस्टिक गेलेलं आणि आतलं तांबं चमकतंय. एक जरी दिसली तर सेल्फ मारू नका. दोन उघड्या वायरी चिकटल्या तर फ्यूज जाईल, आणि नशीब वाईट असेल तर आग लागेल. एखाद-दुसरी जाड वायर मिस्त्री जागेवर जोडून देतो. सेन्सरच्या बारीक वायरींचा जुडगा कुरतडला असेल तर ते काम वर्कशॉपचंच.

साफ करताना हातमोजे आणि मास्क घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. वाळलेल्या लेंड्या झाडूने झाडू नका. जंतुनाशकाच्या पाण्याने ओल्या करून फडक्याने उचला आणि फडकं टाकून द्या.

बॉनेट उघडलंच आहे तर ऑइल आणि कूलंट किती आहे बघा, गाडीखाली वाकून डाग पडलेत का तेही बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर तिथेच थांबा. उंदीर रबरी पाइपही कुरतडतात, आणि गळणाऱ्या पेट्रोलजवळ सेल्फची एक ठिणगी पुरते.

दुसरं: क्लच, गिअर, किल्ली

बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, ऑटोमॅटिकमध्ये पी किंवा एन लागतो. गाडी मुलाची असते आणि वडिलांना हे माहीत नसतं. क्लचच्या पॅडलमागे मॅट गोळा होऊन अडकलेली मी कितीदा तरी काढली आहे.

डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. घरातली दुसरी किल्ली लावून बघा. बटण दाबून चालू होणारी गाडी असेल तर रिमोटमधला सेल संपला असेल. बहुतेक रिमोटमध्ये बटणासारखा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. तोवर रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून बघा, पुष्कळ गाड्या तेवढ्यावर चालू होतात. नेमकी कुठे टेकवायची ती जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

तिसरं: टर्मिनल

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी साचली असेल तर वीज आत असूनही बाहेर येत नाही. डॅशबोर्डच्या दिव्यांना थोडा करंट लागतो, तो त्या गंजातूनही जातो. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, ते जात नाहीत. म्हणूनच दिवे लागतात आणि सेल्फ टिक-टिक करतो.

टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर दहा नंबरच्या पान्याने आवळा, कदाचित काम तिथेच संपेल. बुकटी असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. ह्या क्रमाला कारण आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होतो आणि हात भाजतो. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून टर्मिनलवर ओता, फेस येऊन गंज सुटेल. सोड्याचं पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, कोरडं करा, आवळा, वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा.

निगेटिव्हची वायर दुसऱ्या टोकाला जिथे बॉडीला बोल्टने बसवलेली असते तो बोल्टही तपासा. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीवर माझी अख्खी दुपार गेली. बॅटरी चार्ज केली, दुसरी लावून बघितली, सेल्फ उतरवला, आणि शेवटी दोष निघाला अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टमध्ये. त्या गिऱ्हाइकाचा दिवस वाया गेला ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथं: बॅटरी, आणि ती का उतरते

"गाडी वापरलीच नाही, मग बॅटरी संपली कशी?" हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. उत्तर हिशेबात आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, गाडीचा कॉम्प्युटर थोडी वीज घेत राहतात. चांगल्या गाडीत ती साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असते. ५० धरली तर २४ तासांत १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतली साठवण मोजायचं माप) गेले. छोट्या गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. म्हणजे पूर्ण भरलेली, नवी बॅटरीसुद्धा महिनाभरात रिकामी. २५ मिलीअँपिअर धरली तर दोन महिने. आपला पाऊस जूनला लागतो आणि दसरा सप्टेंबरच्या अखेरीला नाहीतर ऑक्टोबरात येतो, तेव्हा चार महिन्यांनी बॅटरी उतरलेली सापडली तर त्यात नवल नाही.

आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात. ते चार्जिंगने पूर्ण विरघळत नाहीत. म्हणून एक आठवडा उतरलेली बॅटरी परत उठते, चार महिने उतरलेली बहुधा उठत नाही, उठली तरी पहिल्यासारखी ताकद धरत नाही.

घरात एक साधा मल्टिमीटर ठेवा, पाचशे रुपयांच्या आत मिळतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन टर्मिनलना टेकवा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ ला पाऊण भाग, १२.२ ला अर्धी, १२ ला पाव भाग. ११.८ च्या खाली गेली की रिकामीच समजा. चार्ज करूनही साडेदहाच्या आसपास अडून बसली तर सहापैकी एक सेल मेलेला आहे, त्या बॅटरीवर आणखी पैसे घालू नका. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही, मग आधी १२.६ दाखवत असली तरी.

बॅटरी फुगलेली असेल, तडकलेली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिला चार्जरही लावू नका आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायची जंपर केबलही. सरळ बदला. जुनी दुकानदाराला परत द्या, तो तिचे पैसे वळते करून देतो. घंटागाडीत टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड आहे.

चार्जिंगला लावायची तर सावकाश. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. दुकानदार दोन तासांत चार्ज करून देतो म्हणाला तर नको म्हणा, वरवरचं चार्ज होतं आणि प्लेटा तापतात. बुचं असलेली बॅटरी असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर बघा. प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील इतकंच घाला, उरलेलं चार्ज झाल्यावर. नळाचं पाणी, फिल्टरचं पाणी नको. चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून खोली उघडी ठेवा आणि जवळ विडी-काडी, उदबत्ती काही नको. हे मुद्दाम लिहितोय, कारण पूजेच्या दिवशी बॅटरीशेजारीच उदबत्ती खोचलेली मी पाहिली आहे.

जंपर केबल लावायची असेल तर

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात. कारखान्याला ऊस नेणारा मोठा ट्रक दारात उभा असतो म्हणून त्याच्यावरून केबल ओढतात. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, त्याने तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. शेजारची दुसरी कारच बरी.

लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. काळीचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी पडतेच, ती बॅटरीच्या वायूजवळ पडू नये म्हणून ही काळजी. दोन्ही गाड्यांची बॉडी एकमेकींना टेकलेली नको. चांगली गाडी चालू करून दहा मिनिटं नुसती उभी ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना बरोबर उलटा क्रम.

एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. सेल्फची मोटर थोडा वेळ फिरण्यासाठीच बनवलेली असते, सलग फिरवली की तापून जळते. तीन-चार प्रयत्नांत नाही झाली तर बॅटरीचा नाद सोडा आणि पुढे जा.

धक्का मारण्याबद्दल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना तो चालायचा. आताच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली असेल तर पेट्रोल पंपही चालत नाही आणि कॉम्प्युटरही, गल्लीतली दहा पोरं लावली तरी उपयोग नाही. ऑटोमॅटिकला तर धक्का स्टार्ट नाहीच. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होतात, उतारावर गाडी सोडून बघायचा विचारही करू नका.

पाचवं: फ्यूज

किल्ली ऑनवर आणा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटजवळ कान द्या. पेट्रोल गाडीत दोन सेकंद बारीक "घूं" ऐकू येतो, तो टाकीतला पंप. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज बघा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर आतून नकाशा असतो. गेलेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरच्या फ्यूजने बदला. नवा लावताक्षणी परत गेला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे मोठा फ्यूज किंवा तार लावणारा माणूस गाडी पेटवतो. थांबा आणि मिस्त्रीला बोलवा.

सहावं: टाकीतलं पेट्रोल

सेल्फ छान फिरतो, पंपाचा आवाज येतो, हवा मोकळी आहे, तरी इंजिन पकडत नाही. अशा वेळी मी टाकीत पेट्रोल कधीचं आहे ते विचारतो.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखानेही तयार करतात, त्यामुळे त्याच्याबद्दल इथे आपुलकी आहे आणि असावी. पण त्याचा एक गुण उभ्या गाडीला त्रासाचा आहे: इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी, बाहेर चार महिने पाऊस, आत दमट हवा. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. शिवाय पेट्रोलमधले लवकर पेट घेणारे हलके भाग महिन्यागणिक उडून जातात. सहा महिन्यांच्या जुन्या पेट्रोलला आंबूस, वार्निशसारखा वास येतो.

सीएनजी गाड्यांत हा घोळ फार वेळा सापडतो. मालक म्हणतो, "पेट्रोलचा काय संबंध, मी तर गॅसवर चालवतोय." बहुतेक सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवरच चालू होतात आणि इंजिन तापलं की गॅसवर जातात. टाकीत वर्षभरापूर्वीचं चार लिटर पडून असतं, तेच खराब झालेलं असतं. गॅस भरलेला असून गाडी दारातून हलत नाही. सीएनजी असली तरी महिन्यातून थोडं ताजं पेट्रोल घालत जा.

तीन-चार महिन्यांचं पेट्रोल असेल तर पाच-दहा लिटर ताजं घालून बघा, पुष्कळदा काम होतं. वर्षाच्या पुढचं असेल तर टाकी रिकामी करूनच घ्यावी लागते. हे घरी करू नका. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढताना ते फुप्फुसात जाऊन माणूस दगावू शकतो.

खूप सेल्फ मारून पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर ठिणगी पाडणारे प्लग पेट्रोलने ओले झालेत. पंधरा मिनिटं थांबा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत त्या स्थितीत पेट्रोल बंद होतं आणि नुसती हवा जाते. इंजिनने पकडलं की पाय लगेच काढा.

डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नसते. किल्ली ऑन केल्यावर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह दिसतं ते विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला असेल तर फिल्टरचं पाणी काढायला हवं. लाइनमध्ये हवा धरली असेल आणि हाताने दाबायचा प्रायमर पंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा. त्यापुढे डिझेलच्या लाइनला हात लावू नका. आताच्या कॉमन रेल गाड्यांत त्या पाइपातला दाब इतका असतो की धार कातडीतून आत शिरते.

इथे थांबा

मल्टिमीटर, पाना आणि ताजं पेट्रोल एवढ्यावर जे होत नाही ते घरचं काम नाही, असं मी स्पष्ट सांगतो. विशेषतः ह्या वेळी लगेच मिस्त्रीला बोलवा.

बॅटरी चांगली, टर्मिनल स्वच्छ, तरी एकच "खट" होतं. सेल्फ अडकला असेल, तो रिपेअर होतो. पण गाडी वर्षा-दोन वर्षांची उभी असेल तर इंजिन जाम झालेलंही असू शकतं. तेव्हा प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडतात, ते मुरू देतात आणि क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हाताने फिरवून बघतात. जबरदस्तीने सेल्फ मारला तर रिंगा तुटतात. गाडी जुनी आणि टायमिंग बेल्टची असेल, तर आधी बेल्ट बघितल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहतं आणि दुसरी किल्लीही चालत नाही. सेन्सरच्या वायरी कुरतडल्यात. फ्यूज परत परत जातो. पेट्रोल गळतंय. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी आहे आणि जास्त व्होल्टेजची नारिंगी जाड केबल दिसते आहे. तिला आमच्यासारख्या साध्या मिस्त्रीनेही हात लावू नये, कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचंच ते काम.

फोन करताना गाडी किती दिवस उभी होती, आवाज कसला आला, बॅटरी किती साली घेतली आणि तुम्ही काय काय करून बघितलं, हे चार मुद्दे सांगा. मिस्त्री बरोबर सामान घेऊन येईल, तुमची एक फेरी वाचेल.

चालू झाली, आता पुढे

शटर बंद असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करत नाही, संध्याकाळी परत तोच प्रकार होणार.

मग टायरची हवा. मग गल्लीतच अगदी सावकाश पुढे-मागे घेऊन ब्रेक बघा. चार महिने हँडब्रेक ओढलेला असेल तर मागची चाकं धरलेली असतात, आणि पहिल्याच दिवशी ती रेटून ओढत नेली तर लायनर फाटतात. ब्रेक नीट लागतात अशी खात्री झाल्यावरच हायवेने कागलपर्यंत जाऊन या. दारात दहा मिनिटं रेस देऊन बॅटरी भरत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी टाकी जवळजवळ पूर्ण भरा, हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा, आणि घरात चालवणारं कुणी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास फिरवा. कुणीच नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. मग रिमोट चालत नाही, म्हणून दाराची साधी किल्ली घरच्यांना देऊन ठेवा. आणि स्टिअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवा: "बॅटरीची वायर काढली आहे." राजारामपुरीतल्या एका काकूंनी माझं ऐकून वायर काढून ठेवली, पण मुलाला सांगायला विसरल्या. तो रात्री अकराला पुण्याहून आला, त्याने मला झोपेतून उठवलं, आणि मी जाऊन दहा नंबरच्या पान्याने एक बोल्ट आवळून परत आलो.